भूकंपाचा धक्का: तुमचे अनुभव लिहा

गवती_चहा
काल सोसायटीच्या मीटिंगमध्ये राडा. पार्किंगमधला कॉलम छिन्नीने फोडून एकाने गाडीच्या चार्जरची वायर आत बसवलीय, पार सळई दिसतेय. मी बोलले तर म्हणे, "पुण्यात कुठे भूकंप होतो हो?" आम्ही मूळचे सोलापूरचे. ३० सप्टेंबर १९९३, विसर्जन उरकून सगळे गाढ झोपलेले. पहाटे चारच्या सुमारास मांडणीवरची पितळी भांडी धडाधड खाली. आजोबा "चोर, चोर" ओरडत काठी घेऊन उठले. किल्लारीचं नाव नंतर कळलं.
तुमचेही अनुभव लिहा. तुमच्या इमारतीत कुणी याचा विचार करतं का?

कोयनाकाठ
आम्ही पाटणवाले. हादरा बसला की "किती रिश्टर" यावर चहाची पैज 😄 पण आईने ११ डिसेंबर १९६७ चा मोठा पाहिलाय. अजून खोलीची कडी लावून झोपत नाही. पुण्यात नवव्या मजल्यावर आली तरी तेच. सुनेला वाटतं, विसरते.

वांगीभात
९३ ला लातुरात शिकायला होतो. दगडमातीच्या जाड भिंती, वर माळवदाचं, म्हणजे मातीच्या धाब्याचं, ओझं. दोन दिवस माती उपसली. जास्त लिहवत नाही.

खिडकीतली
🙏 वांगीभात.
मी अहमदाबाद, २६ जानेवारी २००१. झेंडावंदनाला मैदानात होतो म्हणून बरं. खाली मोकळं पार्किंग, वर मजले, अशा कितीतरी इमारती खालूनच बसल्या. पुढे वर्षभर आमच्या ओळखीत सगळ्यांना तळमजलाच हवा होता. आता तीच मंडळी बाराव्या मजल्यावरचा व्ह्यू दाखवतात.

चिंचोका
ठाणे. डहाणूकडचे धक्के आम्हाला काय कळणार, मेट्रोच्या कामाने कपाटं रोजच हलतात 😂

फोडणी_करपली
दूध गॅसवर आहे, पटकन लिहिते. २०१५, नेपाळचा भूकंप, आम्ही दिल्लीत. पंखा हलला, सासूबाई म्हणाल्या माझं बीपी वाढलं. बाहेर बघते तर लिफ्टसमोर रांग! खाली आलेले सगळे इमारतीच्याच भिंतीला टेकून फोनवर.

गिलावा
@गवती_चहा, तो कॉलम सिमेंट थापून झाकू देऊ नका. कव्हर, म्हणजे सळईवरचा काँक्रीटचा थर, गेलं की सळई गंजते. आधी स्ट्रक्चरल इंजिनिअरला दाखवा, चार्जरवाल्याच्या खर्चाने. भूकंपाच्या धोक्याच्या २०१६ च्या नकाशात पुणे-मुंबई झोन ३ मध्ये आहेत, कोयना ४ मध्ये. ३ म्हणजे मध्यम धोका, शून्य नव्हे. मुंबईत ३० वर्षांवरच्या इमारतींना स्ट्रक्चरल ऑडिट (मजबुतीची तपासणी) सक्तीचं आहे, तरी नोटीस आल्याशिवाय कोण करतं!

वांगीभात
ऑडिटला पैसे मागून बघा. लॉबीतल्या इटालियन मार्बलला मात्र एकमताने मंजुरी.

कोयनाकाठ
चार्जर कितीचा आहे पण? ३.३ किलोवॅट की ७.२? मलाही बसवायचाय.

गवती_चहा
७.२. आणि शेजारची भिंत मोकळी होती हो! सोमवारी इंजिनिअर येतोय. चेअरमन म्हणतात, फी तुम्ही दोघांनी निम्मी निम्मी द्या. मी का म्हणून??

फोडणी_करपली
तक्रार केली म्हणून 😂 दूध उतू गेलं.