ऑटोफोकस फाइन-ट्यून प्रत्येकाने घरी करावे का?

आरसेवाला
आजीच्या सहस्रचंद्रदर्शनाला मी निकॉन डी७२०० हा डीएसएलआर (आरसा असलेला) कॅमेरा आणि ८५ मिमी एफ/१.८ लेन्सने फोटो काढले. दोन मीटरांवरून, फोकसचा बिंदू डोळ्यावर ठेवून, १/५०० शटरने घेतलेल्या जवळजवळ प्रत्येक फोटोत पापण्या पुसट आहेत आणि कानशिलावरचे पांढरे केस मात्र एकेक मोजता यावेत इतके रेखीव आले आहेत. तेवढ्या अंतरावर पूर्ण उघड्या ॲपर्चरला (लेन्सच्या छिद्राला) जेमतेम चार सेंटिमीटरांची खोली स्पष्ट मिळते, त्यामुळे बारीक चूकही लपत नाही. घरी ट्रायपॉडवरून एकच वस्तू व्ह्यूफाइंडरने आणि लाइव्ह व्ह्यूने (यात आरसा वर उचलला जातो आणि फोकस थेट मुख्य सेन्सरवर मोजला जातो) टिपून पाहिली, तेव्हा लाइव्ह व्ह्यूचा फोटो दर वेळी धारदार निघाला. म्हणजे लेन्स निर्दोष आहे. मुख्य आरशामागच्या छोट्या आरशाकडून खालच्या फोकस-सेन्सरपर्यंतचे अंतर आणि मुख्य सेन्सरपर्यंतचे अंतर यांचा मेळ बसत नाही. फाइन-ट्यूनला, म्हणजे फोकस कायमचा थोडा पुढेमागे सरकवणाऱ्या कॅमेऱ्यातल्या सोयीला, −९ (उणे म्हणजे कॅमेऱ्याकडे, अधिक म्हणजे दूर) देताच डोळे जागेवर आले. मोठ्या ॲपर्चरची लेन्स वापरणाऱ्या प्रत्येक डीएसएलआरधारकाने ही जुळणी स्वतः करावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

खंड्या
तुमचे निदान पटले, पण ‘प्रत्येकाने’ हा शब्द मला घातक वाटतो. भिगवणला नावेतून १५०-६०० मिमी झूम लेन्सने रोहित पक्षी (फ्लेमिंगो) टिपताना, उन्हे चढल्यावर पाण्यावरच्या तापलेल्या हवेने फोटो मऊ पडले, ते मी लेन्सच्या माथी मारले आणि +६ देऊन मोकळा झालो. दुसऱ्या दिवशी सकाळी सातला, स्वच्छ थंड हवेत, तोवर बिनचूक चालणारी तीच लेन्स पक्ष्याच्या मागे फोकस करू लागली आणि ती अख्खी सकाळ वाया गेली. शिवाय तुमची कॅमेरा-बॉडी एका लेन्ससाठी एकच आकडा धरते, त्यामुळे झूमच्या एका टोकाला जुळवलेले दुसऱ्या टोकाला जुळेलच असे नाही.

आरसेवाला
झूमबद्दल तुमचे म्हणणे मान्य आहे. परंतु चुकीची चाचणी केली म्हणून सोयच वर्ज्य ठरवणे मला योग्य वाटत नाही. माझ्या लेन्सला एकच फोकल लांबी आहे आणि ती दर वेळी एकाच बाजूला चुकत होती.

तिपाई
‘दर वेळी’ म्हणजे किती वेळा, यावर सगळे अवलंबून आहे. दोन-चार फोटोंवरून आकडा ठरवू नये, कारण व्ह्यूफाइंडर वापरताना त्या वेगळ्या सेन्सरने होणारा फेज-डिटेक्ट फोकस स्वतःच दर खेपेस किंचित मागेपुढे होतो. नेहमी ज्या अंतरावरून फोटो काढता तिथेच ट्रायपॉड लावावा, प्रत्येक फोटोआधी फोकस हाताने पूर्ण बिघडवावा आणि किमान दहा फोटो तपासावेत. ते दोन्ही बाजूंना विखुरले असतील, तर कोणताही आकडा उपयोगी पडणार नाही आणि लेन्स सर्व्हिस सेंटरला नेणेच बरे. मिररलेसमध्ये, म्हणजे आरसा नसलेल्या कॅमेऱ्यांत, फोकस मुख्य सेन्सरवरच मोजला जातो, त्यामुळे तिथे ही तफावत मुळातच उद्भवत नाही.

खंड्या
अशी कसोटी कोणी लावणार असेल, तर एकाच फोकल लांबीच्या लेन्सपुरता माझा विरोध मी मागे घेतो. माझ्या झूमचा आकडा मात्र शून्यावरच राहील.