मदत हवी आहे: शाकाहारी आईला यामाशिरोला न्यावं का?

आई-बाबा सध्या लॉस एंजेलिसला आमच्याकडे आलेत. बाबांना हॉलीवूडच्या टेकडीवरचं यामाशिरो बघायचंय. बर्नहायमर बंधूंनी आशियाई कलावस्तूंच्या संग्रहासाठी १९१४ मध्ये बांधून पूर्ण केलेला जपानी धाटणीचा महाल, आता रेस्टॉरंट. पॅगोडा, कोरीवकाम, कंदील... फोटोंत तरी जपानपेक्षा हॉलीवूडच जास्त दिसतं, पण बाबांना असला थाट आवडतो. शिवाय खाली पसरलेलं अख्खं शहर!

अडचण आईची. ती अंडंही खात नाही, आणि मिसो सूपमध्येसुद्धा बहुतेक वेळा माशाचं दाशी (सूपसाठी उकळून काढलेलं पाणी) असतं. काकडी-अवोकाडो रोल आणि एदामामे (सोयाबीनच्या कोवळ्या शेंगा) सोडून तिचं पोट भरेल असं तिथे काही मिळतं का? सूर्यास्ताला शहराच्या बाजूचं टेबल हवं असेल तर बुकिंगच्या वेळीच सांगावं का? आणि बाबांचे गुडघे दुखतात, पायऱ्या फार आहेत का? नुकतंच कुणी जाऊन आलं असेल तर प्लीज सांगा.