मदत हवी आहे: मराठी-कन्नड नावांच्या फाइली बॅकअपमध्ये जात नाहीत, आणि मूळ डिस्क पिवळी दाखवते आहे

तानपुरा_बेळगाव

नमस्कार मंडळी. घरच्या संगीतसंग्रहाचा बॅकअप अडकला आहे. आवश्यक ती माहिती देतो.

संग्रह ८२० जीबी, फाइली ३८,४१६. त्यात सीडीवरून काढलेलं फ्लॅक (आवाजाची गुणवत्ता न घटवता दाबलेल्या फाइली) ५६० जीबी, विकत घेतलेले एमपीथ्री आणि थोडे व्हिडिओ १७० जीबी, आणि कॅसेटवरून उतरवलेलं फ्लॅक ९० जीबी. या शेवटच्या भागात गावातली भजनं, कीर्तनं, घरगुती बैठका आणि वडीलधाऱ्यांचे आवाज आहेत.

मूळ प्रत २ टीबीच्या एक्स्टर्नल डिस्कवर (विंडोज ११, फॉर्मॅट एनटीएफएस). दुसरी प्रत घरातल्या दोन डिस्कच्या नॅसवर (घरच्या नेटवर्कला जोडलेली साठवणपेटी), एन्क्रिप्टेड शेअरमध्ये. बॅकअपचं सॉफ्टवेअर फ्रीफाइलसिंक, ते 'मिरर'वर चालतं, म्हणजे नॅसची प्रत मूळ डिस्कसारखी हुबेहूब करतं.

अडचणी अशा:
१. ३१७ फाइली नॅसवर जातच नाहीत. 'नाव फार लांब' असा एरर येतो. सगळ्या मराठी किंवा कन्नड नावांच्या. मूळ डिस्कवर त्याच फाइली व्यवस्थित वाजतात.
२. डिस्कची तब्येत सांगणारं क्रिस्टलडिस्कइन्फो मूळ डिस्कला पिवळं 'कॉशन' दाखवतं. सी५ चा आकडा ८, बाकी ०५ आणि सी६ शून्य.
३. तिसरी प्रत चिकोडीकडे कृष्णाकाठच्या गावात, पाहुण्यांच्या घरी ठेवायचा विचार आहे. चालेल का?

मलप्रभाकाठ

तुमचा दुसरा प्रश्न पहिला घ्या. सी५ म्हणजे वाचता न आलेले, निकाल लागायचा बाकी असलेले सेक्टर (डिस्कवरचे छोटे कप्पे). ८ हा आकडा छोटा दिसतो, पण तो वाढायला लागला की दिवसांत शेकड्यांवर जाऊ शकतो. (ते सॉफ्टवेअर आकडे मुळात हेक्समध्ये, म्हणजे सोळाच्या पटीत, दाखवतं. १० दिसले तर ते १६ असतात, हे लक्षात असू द्या.)

आजपासून त्या डिस्कवर काही लिहू नका. टॅग (फाइलच्या आत लिहिलेली कलाकार, शीर्षक वगैरे माहिती) बदलू नका, डीफ्रॅग नको, आणि चेकडिस्क तर अजिबात नको. दुरुस्तीसाठी '/आर' लावून चालवलेलं चेकडिस्क सगळी डिस्क पहिल्यापासून शेवटपर्यंत घासून वाचतं आणि वर दुरुस्तीच्या नावाखाली लिहितंही. मरायला टेकलेल्या डिस्कला तेवढा ताण पुरतो.

नवीन डिस्क आणा, ४ टीबी घ्या. टेराकॉपीने कॉपी करा, कारण ते अडलेली फाइल सोडून पुढे जातं आणि शेवटी यादी देतं. 'व्हेरिफाय' चालू ठेवा. क्रम महत्त्वाचा: आधी ९० जीबीचा कॅसेटचा भाग, मग टॅगांवर मेहनत घेतलेलं फ्लॅक, एमपीथ्री सगळ्यात शेवटी. सीडी पुन्हा काढता येते, विकत घेतलेलं पुन्हा उतरवता येतं. कॅसेटचं ९० जीबी फ्लॅक म्हणजे साधारण अडीचशे तास, आणि कॅसेट तिच्या वेगानेच वाजते. ते काम पुन्हा करायचं तर अडीचशे तास बसावंच लागेल, तेही कॅसेटी अजून धड असतील तर.

यूएसबी ३ च्या निळ्या पोर्टला लावलंत तर सेकंदाला १०० एमबीच्या आसपास, म्हणजे ८२० जीबीला सव्वादोन-अडीच तास. चुकून यूएसबी २ च्या पोर्टला लागली तर सहा-सात तास धरा. मधे टक्-टक् आवाज येऊन डिस्क गायब झाली तर पुन्हा पुन्हा लावून बघू नका. बंद करा आणि इथे लिहा.

कॉपी झाल्यावर फूबार २००० या प्लेअरमध्ये 'फाइल इंटेग्रिटी व्हेरिफायर' घालून सगळं फ्लॅक तपासा. फ्लॅकच्या आतच मूळ आवाजाचा एमडी५ (आवाजाच्या डेटावरून काढलेला ओळख-आकडा) बहुधा लिहिलेला असतो, त्यामुळे आवाजाचा एक बिट जरी सडला तरी कळतं. एमपीथ्रीला ती सोय नाही. तिथे फक्त ढोबळ मोडतोड पकडली जाते.

निपाणी_नाका

पहिल्या प्रश्नाबद्दल. गंमत अशी की नाव लांब आहे हे खरं आहे, फक्त आपण अक्षरं मोजतो आणि नॅस बाइट मोजते.

नॅस बहुधा लिनक्सवर चालते, आणि लिनक्सच्या ईएक्सटी४ या फाइलसिस्टिमवर (डिस्कवर फाइली मांडण्याची पद्धत) एका नावाला २५५ बाइटची मर्यादा असते. अक्षरं साठवायच्या यूटीएफ-८ पद्धतीत इंग्रजी अक्षर १ बाइट घेतं, देवनागरी आणि कन्नड दोन्ही ३-३ बाइट घेतात. आणि इथे अक्षर म्हणजे डोळ्याला दिसतं ते नव्हे. काना, मात्रा, वेलांटी, हलन्त प्रत्येक वेगळं मोजलं जातं. 'ज्ञानेश्वरी' बघा: ज, हलन्त, ञ, काना, न, मात्रा, श, हलन्त, व, र, वेलांटी. अकरा, म्हणजे ३३ बाइट. तोंडाने उच्चारताना चारच.

म्हणजे साध्या शेअरवर 'फ्लॅक'ची शेपटी (टिंब धरून ५ बाइट) वजा जाता ८३ चिन्हं बसतात. पण तुमचा शेअर एन्क्रिप्टेड आहे. बऱ्याच नॅसवर फोल्डरचं एन्क्रिप्शन ईक्रिप्टएफएसने होतं, आणि ते फाइलचं नावही लपवतं. लपवलेलं नाव मूळ नावापेक्षा लांब होतं, म्हणून मूळ नावाला १४३ बाइटच उरतात. १४३ वजा ५, भागिले ३ केलं की ४६ चिन्हं. विंडोजचं एनटीएफएस बाइट न मोजता २५५ एकक मोजतं, आणि आपल्या लिप्यांचं प्रत्येक चिन्ह तिथे एकच एकक आहे. म्हणून मूळ डिस्कवर काही खटकलं नाही.

इंग्रजी नावं १३८ पर्यंत चालतात, त्यामुळे इंग्रजीत नावं देणाऱ्यांना हा प्रश्न कधी दिसतच नाही. मराठी-कन्नडवाल्यांनाच बरोबर सापडतो.

तानपुरा_बेळगाव

आता उलगडा झाला. माझी नावं 'कलाकार - राग - ताल - साथ - गाव - तारीख' अशी आहेत, ६०-७० चिन्हं सहज होतात. एन्क्रिप्शन काढू की नावं छाटू?

निपाणी_नाका

दोन्ही करता येतं, पण नावं छाटाच. राग, ताल, साथ, गाव, तारीख हे टॅगमध्ये असावं. टॅग फाइलच्या आत राहतो, डिस्क बदलली, सिस्टिम बदलली तरी सोबत जातो.

टॅग बदलायच्या एमपीथ्रीटॅग या सॉफ्टवेअरमध्ये आधी 'फाइलनेम टू टॅग' चालवा, म्हणजे आत्ताच्या नावातली माहिती टॅगांत उतरेल. रागासाठी वेगळं फील्ड बनवा. 'जॉनर'मध्ये राग कोंबू नका, नंतर शोधताना पंचाईत होते. मग 'टॅग टू फाइलनेम' करून नाव ठेवा फक्त क्रमांक आणि शीर्षक. शीर्षक ३० चिन्हांवर तोडायला 'लेफ्ट' फंक्शन आहे, पण ते चिन्ह मोजून आंधळेपणाने तोडतं. 'कीर्तन'चं 'कीर्' होऊन शेवटी हलन्त लोंबकळत राहतो. म्हणून तोडलेली नावं एकदा नजरेखालून घाला.

हे सगळं नवीन डिस्कवर, आणि बदलण्यापूर्वीची एक प्रत बाजूला असताना. आधीच्या पिवळ्या डिस्कवर नाही!

कलाकाराचं नाव मात्र एकाच लिपीत ठरवून टाका. सुळेभावीत जन्मलेले कुमार गंधर्व असोत की धारवाडचे मल्लिकार्जुन मन्सूर, आपल्याकडच्या संग्रहांत हे लोक मराठी फोल्डरमध्येही असतात आणि कन्नड फोल्डरमध्येही. 'मन्सूर', 'मनसूर', 'मन्सुर' अशी तीन रूपं एकाच घरात सापडतात. 'अल्बम आर्टिस्ट'मध्ये एक रूप पक्कं करा, हवं तर दुसऱ्या लिपीतलं नाव 'कॉमेंट'मध्ये घाला म्हणजे शोधताना दोन्हीकडून सापडेल.

एन्क्रिप्शन हवंच असेल तर फोल्डरऐवजी अख्ख्या व्हॉल्यूमचं घ्या, म्हणजे एलयूकेएस प्रकारचं. ते नावांना हात लावत नाही. क्लाउडला आरक्लोन या कॉपी-सॉफ्टवेअरच्या 'क्रिप्ट' सोयीने पाठवणार असाल तर तिथेही १४३ च्या जवळपासचीच भिंत येते, कारण तेही नाव लपवतं. तिथे नाव लपवण्याचा पर्याय बंद ठेवा, आतला मजकूर एन्क्रिप्ट राहतोच.

जांबोटी_घाट

तिसऱ्या प्रतीबद्दल. पाहुण्यांचं घर चालेल, कृष्णाकाठ नको. ऑगस्ट २०१९ आठवा. कृष्णा, दूधगंगा, वेदगंगा, घटप्रभा, मलप्रभा सगळ्या एकाच वेळी पात्राबाहेर होत्या आणि कोल्हापूर-सांगलीकडेही तीच गत होती. म्हणजे 'दुसऱ्या गावात' असून भागत नाही, दुसऱ्या पाण्यावर पाहिजे. नदीपासून दूर, उंचावरचं घर बघा, आणि डिस्क तळमजल्याच्या कपाटात नको, माळ्याखालच्या फडताळात ठेवायला सांगा. वर्षातून दोनदा गाठ पडत असेल असं घर निवडा. दिवाळी आणि मे महिना, त्या वेळी डिस्कची अदलाबदल करायची. यासाठी दोन डिस्क लागतात, एक तिकडे, एक इकडे.

दमट हवेसाठी पापडाचा हवाबंद डबा उत्तम. आत ५० ग्रॅम सिलिका जेल, दोन पुरचुंड्यांत. रंग बदलणारं घ्या, केशरी ते हिरवं होणारं मिळतं. रंग बदलला की ओव्हनमध्ये १२० अंशांला तासभर तापवून पुन्हा वापरता येतं. जून ते सप्टेंबर खानापूर पट्ट्यात ते महिन्याभरातच रंग बदलतं. डब्यातून काढलेली डिस्क गार असेल तर लगेच लावू नका, तासभर खोलीच्या हवेत राहू द्या, नाहीतर आत दव धरतं.

या कामाला एसएसडी नको. वीज न मिळता वर्षानुवर्षं पडून राहणं हा तिचा स्वभाव नाही, तिच्यातला चार्ज हळूहळू ओसरतो. साधी फिरणारी डिस्क घ्या. एक्सफॅटमध्येही फॉर्मॅट करू नका. त्याला जर्नल (चालू बदलांची नोंदवही) नसतं, लिहिता लिहिता वीज गेली की फोल्डरच्या फोल्डर गायब होऊ शकतात. वळवाच्या दिवसांत आपल्याकडे दुपारी चारनंतर विजेचा काय भरवसा? एनटीएफएस ठेवा.

नॅस इन्व्हर्टरवर असेल तर इन्व्हर्टरचं मागचं बटण 'यूपीएस' मोडवर आहे का पाहा. पंखे-दिवे मोडमध्ये बदलायला जास्त वेळ लागतो आणि तेवढ्यात नॅस बंद होऊन चालू होते. दोन डिस्कची नॅस २०-३० वॅटच घेते, ६०० व्हीएचा यूएसबी असलेला यूपीएस लावला तर ती स्वतःहून नीट बंद होऊ शकते.

शहापूर_पेठ

एका गोष्टीकडे अजून कोणी बोट दाखवलं नाही. तुमचं फ्रीफाइलसिंक 'मिरर'वर आहे. मूळ डिस्कवरून चुकून एक फोल्डर उडाला की पुढच्या मिररला नॅसवरूनही उडणार. नॅसमध्ये रेड १ (दोन्ही डिस्कवर तीच प्रत ठेवण्याची सोय) असेल तर तो दोन्ही डिस्कवरून एकाच क्षणी उडतो. रेड डिस्क मेल्यावर नॅस चालू ठेवतो, तुमची चूक तो परतवत नाही. 'डिलीट' पर्याय 'व्हर्जनिंग' करा, म्हणजे काढलेल्या फाइली बाजूला राहतील; वेगळा फोल्डर द्या, टाइमस्टॅम्प लावा. आणि सिंक दाबण्याआधी खाली दिसणारा 'किती फाइली काढणार' हा आकडा वाचायची सवय लावा. अपेक्षा ५ ची असताना ४,००० दिसले तर थांबायचं.

दुसरं, एमपीथ्रीटॅगमध्ये 'टॅग सेव्ह करताना फाइलची तारीख तशीच ठेवा' असा पर्याय आहे. तो चालू असेल तर घात होतो. फ्लॅकमध्ये टॅगसाठी आधीच मोकळी जागा राखलेली असते, बहुधा ८ केबी. टॅग बदलला तरी फाइलचा आकार तोच राहतो, तारीखही तीच. फ्रीफाइलसिंक 'वेळ आणि आकार' बघतं, त्याला काही बदललेलं दिसत नाही आणि तुमची महिन्याभराची टॅगिंगची मेहनत बॅकअपमध्ये कधी जातच नाही. पर्याय बंद करा, आणि तीन महिन्यांतून एकदा तुलना 'फाइल कंटेंट'वर चालवा. रात्रभर लागेल, लागू द्या.

तानपुरा_बेळगाव

सर्वांचे मनापासून आभार. आतापर्यंतची प्रगती: कॅसेटचा ९० जीबी भाग पूर्ण आला, व्हेरिफाय स्वच्छ. एकूण ३ एमपीथ्री अडकले, ते पुन्हा उतरवून घेतले. नावं छाटून नॅसवर चढवलं, 'नाव फार लांब' एकही नाही.

आता एक नवीनच. १४ फाइली नॅसवर दोनदा दिसतात. नाव हुबेहूब तेच, आकार तोच. उदाहरणार्थ 'दुसऱ्या दिवसाचं भजन'. चौदाही नावांत ऱ्य किंवा ऱ्ह आहे. काही जुन्या फाइली मॅकवर टॅग केल्या होत्या.

निपाणी_नाका

चौदाही नावांत तेच अक्षर आहे म्हटल्यावर निदान झालंच की ओ. 'ऱ्या'मधला ऱ तीन तऱ्हेने लिहिला जातो: एक सबंध ऱ, दुसरा साधा र आणि खाली नुक्ता (अक्षराखालचं टिंब), तिसरा साधा र, हलन्त आणि न दिसणारं जोडचिन्ह (झेडडब्ल्यूजे). डोळ्याला तिन्ही सारखे, फाइलसिस्टिमला तीन वेगळी नावं. मॅकची जुनी फाइलसिस्टिम एचएफएस+ सबंध ऱ फोडून नुक्त्याचा करत असे, म्हणून तुमच्या मॅकवरच्या फाइलींत हा घोळ. जोडचिन्हवाला प्रकार काही फोनेटिक कीबोर्डांतून येतो. कन्नडमध्ये हाच घोळ ओकाराच्या मात्रेत होतो, तीही तुकड्यांत फुटते, म्हणून कन्नड नावंही एकदा तपासा.

नुसतं नाव बदलून पुरणार नाही. टॅगमध्ये फुटका ऱ असेल तर पुढच्या 'टॅग टू फाइलनेम'ला तो परत येईल. एमपीथ्रीटॅगमध्ये 'रिप्लेस' अ‍ॅक्शनचा एक गट बनवा, दोन ओळी: र+नुक्ता शोधून सबंध ऱ, आणि र+हलन्त+जोडचिन्ह शोधून सबंध ऱ+हलन्त. शोधायचा मजकूर टाइप करू नका, बिघडलेल्या नावातूनच कॉपी करून चिकटवा, नाहीतर तुमचा कीबोर्ड स्वतःच्या पद्धतीचा ऱ घालेल. आधी सगळ्या फील्डवर चालवा, मग नावं पुन्हा तयार करा. जोडीतली कुठली ठेवायची हे फ्लॅकचा एमडी५ जुळवून ठरवा. जुळला तर आवाज एकच आहे, ज्याचे टॅग भरलेले ती ठेवा.

मिरर चालवताना या वेळी १४ काढलेल्या दिसायला हव्यात. पंधरावी दिसली तर सिंक दाबू नका, यादी इथे टाका.