पाळीची यादी समोर असताना
व्हिडिओ गेममधील टर्न-बेस्ड (पाळीपाळीने खेळायच्या) लढाईत एकच बटण दाबत बसावे लागते, हा आक्षेप किरकोळ शत्रूंपुरता मान्य केला, तरी २००१ साली प्लेस्टेशन २ वर आलेल्या ‘फायनल फँटसी १०’ या गेमला तो लागू पडत नाही. तेथे आपण आज्ञा देईपर्यंत लढाई थांबून राहते, पुढच्या पाळ्यांची यादी पडद्यावर दिसते आणि निवडलेल्या कृतीनुसार तिचा क्रम बदलतो. शिवाय ऐन लढाईत साथीदार बदलता येतात. मात्र अनुभवाचे गुण प्रत्यक्ष पाळी खेळलेल्यालाच मिळतात. मी (हट्टाने म्हणा) आवडत्या तिघांनाच खेळवत राहिलो आणि उडणाऱ्या शत्रूंपुढे वाक्का या साथीदाराचा फेकून मारायचा चेंडू किती मोलाचा आहे, हे फार उशिरा उमगले.