नॅसचा फुल बॅकअप दर शनिवारी मधेच फेल होतोय, मदत हवी आहे

राम राम मंडळी, कोल्हापूरजवळ शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत आयटी बघतो म्हणजे प्रिंटरपासून सीसीटीव्हीपर्यंत सगळंच माझ्या गळ्यात. ड्रॉइंग, पॅटर्नच्या थ्रीडी फाइली आणि टॅलीचा डेटा एका चार डिस्कच्या नॅसवर (नेटवर्कला जोडलेली सामायिक स्टोरेज पेटी) आहे, रेड ५ (एक डिस्क गेली तरी डेटा वाचतो), साधारण ९ टीबी भरलंय. बॅकअप सर्व्हर विंडोज सर्व्हर २०१९ आणि त्यावर मोठ्या कंपन्या वापरतात तसलं लायसनवालं बॅकअप सॉफ्टवेअर. नाव लिहीत नाही, उगाच त्यावरून भांडणं नकोत.

रोजचा इन्क्रिमेंटल (फक्त बदललेल्या फाइलींचा) रात्री ९ ला सुटतो आणि तासाभरात हिरवा होतो. शनिवारचा फुल (सगळ्या डेटाचा) पण ९ लाच सुटतो, पण साडेबारा-एकच्या सुमारास मरतो, कधी ३० टक्क्यावर कधी ४० वर, आणि एरर ६४, स्पेसिफाइड नेटवर्क नेम इज नो लाँगर अव्हेलेबल. सकाळी येऊन बघावं तर शेअर मस्त उघडतो, पिंग चालू.

आधी वाटलं मॅप केलेल्या झेड ड्राइव्हचा घोळ असेल कारण सर्व्हिसला तो ड्राइव्ह दिसत नाही, पण जॉबमध्ये यूएनसी पाथच (शेअरचा थेट नेटवर्कवरचा पत्ता) आहे आणि नॅसवर वेगळा बॅकअप युजर आहे. केबल, स्विचचा पोर्ट बदलला, सर्व्हरच्या अँटीव्हायरसमध्ये एक्सक्लूजन टाकलं, फरक शून्य. एनडीएमपी (नॅसचा थेट बॅकअप घ्यायची पद्धत) आमच्या नॅसला नाही.

मालक म्हणतात रेड आहे ना, मग बॅकअप कशाला. अहो ऑफिस शाहूपुरीत आहे, २०१९ आणि २०२१ दोन्ही वेळेला त्या भागात पुराचं पाणी होतं आणि शिरोलीजवळ हायवे बंद पडलेला, म्हणून दुसरी कॉपी गोकुळ शिरगावच्या युनिटला न्यायचीय. पण पहिलीच पुरी होईना तर नेणार काय, कपाळ? पावसाळ्याआधी काम झालं पाहिजे, कुणी हे भोगलंय का?

उत्तर

भावा, टक्का बदलतोय पण वेळ तीच, म्हणजे फाइल खराब असण्याची शक्यता कमी, त्या वेळेला नॅसवर काय सुटतंय ते बघ. नॅसचं स्वतःचं शेड्यूल उघड, डेटा स्क्रबिंग, स्मार्ट टेस्ट (डिस्कची तब्येत तपासणी), अँटीव्हायरस स्कॅन, आणि बॅकअप सर्व्हरवर पण इव्हेंट लॉग बघ तेवढ्याच वेळेचा. शिवाय स्विचवर जंबो फ्रेम (नेटवर्कवरच्या डेटाची मोठी पाकिटं, आकार बाइटमध्ये) एकीकडे ९००० आणि दुसरीकडे १५०० असं नाही ना?

धागाकर्ता

जंबो कुठंच नाही, सगळीकडे १५००. पण नॅस बसवणाऱ्यानं दर शनिवारी रात्री ११ ला स्क्रबिंग लावून ठेवलंय!! आणि साडेबाराला व्हायरस स्कॅन. इन्क्रिमेंटल त्याआधीच संपतो म्हणून वाचतो बहुतेक.

उत्तर

मग जवळपास तेच. स्क्रबिंग म्हणजे सगळ्या डिस्कवरचा डेटा वाचून पॅरिटी (डिस्क गेली तर डेटा परत बनवायची जादा माहिती) जुळवणं, त्यात स्कॅन आणि फुल बॅकअप एकदम, डिस्कची हेडं इकडून तिकडं पळत राहतात. विंडोजचा एसएमबी क्लायंट (नेटवर्कवरचा शेअर उघडणारा भाग) उत्तरासाठी साधारण ६० सेकंद थांबतो, मग कनेक्शन सोडतो आणि हीच एरर येते. रजिस्ट्रीत लॅनमनवर्कस्टेशनखाली सेसटाइमआउट (हीच थांबायची मुदत) वाढवता येतं, पण ते दुखणं दाबणं झालं, आधी शेड्यूल हलव. स्क्रबिंग दर आठवड्याला लागत नाही, महिन्यातून एकदा पुरे, आणि ते पण ज्या दिवशी फुल नाही त्या दिवशी.

दुसरं, टॅली चालू असताना तू शेअरवरून कॉपी घेतोयस का? नॅसच्या शेअरवर सर्व्हरचं व्हीएसएस (उघड्या फाइलींचीही नीट कॉपी काढायची विंडोजची सोय) चालत नाही, उघडी फाइल अर्धवट येऊ शकते. नॅसला स्नॅपशॉट (त्या क्षणाची गोठवलेली प्रत) असेल तर टॅलीतून सगळे बाहेर पडल्यावर तो काढून त्यावरून जॉब लाव. शनिवारचा लॉग टाक इथं.