ओटीपी न सांगताही पैसे जातात

ज्येष्ठांनी ओटीपी कोणालाही सांगितला नाही की खाते सुरक्षित राहते, असे अनेकदा सांगितले जाते. ओटीपी न सांगणे गरजेचे असले तरी तेवढे पुरेसे नाही, हे आम्हाला मोठी किंमत मोजून कळले. अमळनेर तालुक्यात राहणाऱ्या माझ्या ७२ वर्षांच्या मामांना आखाजीच्या (अक्षय्य तृतीयेच्या) आधी, ऐन लग्नसराईत, व्याह्यांच्या नंबरवरून व्हॉट्सॲपवर ‘लग्नपत्रिका’ नावाची फाइल आली. नंबर ओळखीचा असल्याने त्यांनी ती उघडली आणि फोन जे जे विचारत गेला त्याला होकार दिला. त्या नावाच्या शेवटी एपीके ही अक्षरे होती, म्हणजे ती पत्रिका नसून ॲप होते. एसएमएस वाचण्याची परवानगी मिळाली की असे ॲप बँकेचे ओटीपी परस्पर चोराकडे पाठवते. मामांनी एक अंकही तोंडातून काढला नव्हता, तरी कापसाचे आलेले ४० हजार रुपये गेले. व्याह्यांचा फोन आधीच चोरांच्या ताब्यात होता आणि त्यांना त्याचा पत्ताही नव्हता.

अशी फाइल उघडली गेलीच, तर फोनचे इंटरनेट तत्काळ बंद करून, सिमकार्ड काढून, दुसऱ्या फोनवरून १९३० या सायबर गुन्ह्यांच्या मदत क्रमांकावर आणि बँकेला कळवावे, कारण रक्कम पुढे काढली जाण्याआधीच ती गोठवता येते. मामा मुले रागावतील या भीतीने दोन दिवस गप्प राहिले, याचे मला पैशांपेक्षा अधिक वाईट वाटते. आता त्यांच्या फोनच्या सेटिंगमध्ये व्हॉट्सॲपला अनोळखी ॲप इन्स्टॉल करण्याची असलेली परवानगी मी बंद करून ठेवली आहे.