आईला फ्लूची लस द्यावी की नको?

माटोळी, डिचोली : गेल्या पावसात आईला चिकुनगुनिया झाला. ताप चार दिवसांत उतरला, सांधे धरले ते अजून सुटले नाहीत. चवथीला गणपतीवर टांगायच्या माटोळीच्या सुपाऱ्या बांधायला बसली तर बोटांत दोरी धरवेना. डॉक्टर म्हणतात, आमवातासारखाच प्रकार आहे, प्रतिकारशक्ती दाबणारं मेथोट्रेक्सेट सुरू करू, त्याआधी फ्लूची लस घ्या. मामा अडून बसलाय : "शरीर आधीच स्वतःवर उलटलंय, वर लस टोचून डिवचू नका." मला लस द्यावीशी वाटते. हे दुखणं विषाणूनं आणलं, लशीनं नाही.

फोंडेकर : मामांचं पटतं. फ्लूची लस घेतल्यावर पंधरा दिवसांत माझ्या भावाच्या पायांतली ताकद गेली. जीबीएस, म्हणजे गिया-बारे सिंड्रोम : प्रतिकारशक्ती स्वतःच्याच नसांवर उलटते. डॉक्टरांनी 'योगायोग' म्हणून विषय संपवला, नोंदसुद्धा केली नाही. लाखात एक म्हणतात. तो एक आमच्या घरात होता.

वाळपईची सिस्टर : दादा, नोंद न करणं चूकच. असा त्रास 'एईएफआय' (लसीकरणानंतरची प्रतिकूल घटना) म्हणून कळवायचाच असतो. १९७६ मध्ये अमेरिकेत स्वाइन फ्लूच्या लशीनंतर लाखामागे सुमारे एक जादा जीबीएस दिसला आणि मोहीम थांबवली. हल्लीच्या लशीत वाढ दिसलीच तर दहा लाखांमागे एक-दोन. पण पुण्यात २०२५ च्या जानेवारीत सिंहगड रस्त्याकडे जीबीएस पसरला, तो लशीनं नव्हे. रुग्णांच्या शौचनमुन्यांत कॅम्पिलोबॅक्टर सापडला. या जंतूचं कवच नसांवरच्या घटकांसारखं असतं, म्हणून जंतूवर उठलेली प्रतिकारशक्ती नसांवर घसरते.

फोंडेकर : पुण्याचं मान्य. पण २००९-१० ला स्वाइन फ्लूच्या साथीत फिनलंड-स्वीडनमध्ये पँडेमरिक्स लशीनंतर मुलांना नार्कोलेप्सी, म्हणजे दिवसा अनावर झोप येण्याचा आजार, झाली, तेही सांगा ना! टोचण्याआधी कुणी सांगत नाही, राग त्याचाच आहे.

वाळपईची सिस्टर : झाली, खरं आहे. त्याच साथीनंतर चीनमध्ये लस न घेतलेल्यांतही नार्कोलेप्सी वाढली. तुमच्या भावानं मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय पुढची फ्लूची लस घेऊ नये, लशीनंतर सहा आठवड्यांच्या आत जीबीएस झालेल्यांना तसंच सांगतात. माटोळीबाय, आईचं वेगळं. तिला इंजेक्शनातली मृत विषाणूची लस चालते. नाकात फवारायची जिवंत असते, ती नको.

माटोळी, डिचोली : सोमवारी मामालाच सोबत नेते, त्याच्या शंका त्यानंच विचाराव्यात. दादा, भावाचे कागद जपून ठेवलेत का? आरोग्य केंद्रात मी विचारून येते, नोंद अजून होते का ते.